नाक्यावर वीस रुपये घ्या, पण आधी किनाऱ्यावरच्या संडासाचं कुलूप काढा : आमच्या नगरपरिषदेला खुलं पत्र

मा. नगराध्यक्ष, मा. मुख्याधिकारी आणि आमचे सगळे नगरसेवक, नगरसेविका,

सप्रेम नमस्कार.

मागच्या सर्वसाधारण सभेत तुम्ही दोन ठराव एकमताने पास केलेत. एक, गावात येणाऱ्या पर्यटकाकडून नाक्यावर माणशी वीस रुपये घ्यायचे. दुसरा, डिसेंबरात तीन दिवसांचा पर्यटन महोत्सव आणि त्याच्यासाठी किनाऱ्यावर लाईटवाला सेल्फी पॉइंट. त्याच विषयपत्रिकेवर आणखी एक विषय होता, किनाऱ्यावरच्या सार्वजनिक शौचालयाला पाण्याचं कनेक्शन देऊन ते चालू करायचा. तो काय झाला, तर "पुढील सभेत घेण्यात यावा". आधीच्या सभेतही तो पुढीलच सभेत गेला होता. म्हणून हे पत्र लिहायला बसले, आणि खुलं अशासाठी की ऑफिसात दिलेल्या अर्जावर आवकचा शिक्का तेवढा मिळतो, उत्तर मिळत नाही.

गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये. ज्यांना कळायचं त्यांना कळलंच असेल, आणि किनारपट्टीवरच्या बाकीच्यांनी आपापल्या गावाचं नाव घालून वाचलं तरी फार काही बदलेल असं वाटत नाही.

मी कोण, तर या गावची सून. सासूबाईंनी ओसरीवर खाणावळ चालू केली, चार ताटांपासून, आता मी आणि माझी जाऊ मिळून ती चालवतो आणि घराच्या मागच्या अंगाला होमस्टेच्या खोल्या काढल्यात. दोघींच्या मुलांच्या फिया, घराचा हप्ता, सासऱ्यांची औषधं, सगळं येणाऱ्या पाहुण्यांवर. त्यामुळे "पर्यटक नकोतच" म्हणणाऱ्यातली मी नाही, आणि कराच्या विरोधातही नाही हे आधीच सांगते, नाहीतर अर्धं पत्र वाचून कोणीतरी म्हणणार की हॉटेलवाल्यांना कर नकोय.

उलट मला तो कर पटतो. महाबळेश्वर, पाचगणीला घेतातच, माथेरानला दस्तुरी नाक्यावर पावती फाडल्याशिवाय पुढे पाऊल टाकता येत नाही आणि लोक निमूट फाडतात. पुण्याहून पाच जणांची गाडी आली तर तुमचे शंभर रुपये झाले, टोल, पेट्रोल, मासे, राहणं सगळं धरून आलेल्या माणसाला ते जड नाहीत. पण नाक्यावर पावती घेतलेला माणूस तिथे काही विचारत नाही, तो आमच्या अंगणात येऊन विचारतो, "ताई, हे वीस रुपये कशाचे हो?" तुमचा नाक्यावरचा माणूस ठेकेदाराचा, त्याला काय पडलंय. उत्तर द्यायचं मला, रिक्षावाल्यांना, होडीवाल्यांना, शहाळीवाल्याला. तर आम्ही काय सांगायचं ते तरी ठरवून द्या. कारण ठरावाची प्रत मी वाचली, वसुली कशी, ठेका किती काळाचा, पावती कुठल्या रंगाची सगळं आहे, पैसा खर्च कशावर करायचा त्याबद्दल फक्त "पर्यटन विकास व अनुषंगिक बाबी". अनुषंगिक बाबी म्हटलं की त्यात मंडप पण आला.

आता शौचालयाचं नीट सांगते, कारण सभेत तो विषय हसण्यावारी गेला असं ऐकलं.

किनाऱ्यावर उतरायच्या वाटेला ते बांधून तयार आहे. बाहेर कोनशिला आहे, नावं सोनेरी अक्षरात, अजून एक अक्षर पडलेलं नाही. दाराला निळा पत्रा, पत्र्याला कुलूप, आणि कुलपाला दुधाची पिशवी गुंडाळून बांधलेली, पावसात गंजू नये म्हणून. म्हणजे कुलपाची काळजी घेणारं कोणीतरी आहे. चावी कोणाकडे विचारलं तर ठेकेदाराच्या माणसाकडे, ठेकेदाराचा माणूस कुठे तर पाण्याचं कनेक्शन झालं की येईल. आणि कनेक्शन पुढील सभेत.

मग होतं काय, शनिवार रविवार आमच्या घराबाहेर अनोळखी बायका उभ्या. "ताई, जरा बाथरूम मिळेल का?" लहान मुली असतात, म्हाताऱ्या असतात, साडी गुडघ्यापर्यंत भिजलेली, वाळू लागलेली, खूप ओशाळून विचारतात. आम्ही नाही म्हणत नाही, पण आमच्या खोल्यांतल्या पाहुण्यांनी पैसे भरलेत, त्यांना रांग लावायची का? ज्यांना विचारायचीही लाज वाटते त्या सुरूच्या बनात जातात. आणि कित्येक जणी, हे मला स्वतः पाहुण्या बायकांनी सांगितलंय, सकाळपासून पाणीच कमी पितात, मे महिन्याच्या उन्हात. बरं, पाहुण्या दोन दिवसांनी जातात. किनाऱ्यावर मासळी घेऊन बसणाऱ्या आमच्या बायका, भेळेच्या गाडीवरच्या, बचत गटाच्या मोदक-घावण्यांच्या स्टॉलवरच्या, त्या तर रोज तिथेच असतात. त्यांनी काय करायचं? हा विषय सभेत निघाला तेव्हा सभागृहात निम्म्या जागांवर नगरसेविका बसलेल्या होत्या, ५० टक्के आरक्षण आहे म्हणून बसलेल्या होत्या, आणि तरी तो पुढे ढकलला गेला. याचं मला खरंच वाईट वाटलं. ताई, तुमच्यातली एकजण जरी उठून "आजच घ्या" म्हणाली असती तरी चाललं असतं.

१९६५ चा नगरपरिषदांचा कायदा आहे त्यात सार्वजनिक संडास, गटारं, साफसफाई, रस्त्यावरचे दिवे ही तुमची बंधनकारक कामं म्हणून दिलेली आहेत. सेल्फी पॉइंट शोधला, सापडला नाही.

बाकीचे मुद्दे.

कचरा. घंटागाडी सकाळी लवकर येऊन जाते, पाहुण्यांचं चेक-आऊट असतं दहा-अकराला. म्हणजे खोल्यांचा कचरा कायम गाडी गेल्यावर तयार होतो आणि दुसऱ्या दिवसापर्यंत आमच्या मागल्या दारी पडून राहतो, गावात सगळ्या लॉजवाल्यांचं हेच. सगळ्यात जास्त कचरा रविवारी संध्याकाळी किनाऱ्यावर पडतो, आणि रविवारी संध्याकाळी गाडीच नाही. सोमवारी सकाळपर्यंत अर्धा कुत्री पांगवतात, अर्धा भरती घेऊन जाते, मग तीच पाकिटं आमच्या माणसांच्या जाळ्यात येतात. गोळा झालेला कचरा खाडीच्या कडेला टाकून पेटवतात, धूर कुठे जातो ते वाऱ्यावर. हे जमत नाही असं म्हणू नका. वेंगुर्ल्याच्या नगरपरिषदेने कचऱ्याचं वीसहून जास्त प्रकारांत वर्गीकरण चालू केलं आणि जिथे डेपो होता तिथे बाग करून तिकीट लावून लोकांना दाखवायची जागा केली, बाहेरच्या गावांचे नगरसेवक ती बघायला जातात. पाचगणीनेही जुन्या कचरा डेपोच्या जागी स्वच्छ भारत पॉइंट केला. दोन्ही गावं काही मोठी नाहीत, आपल्यासारखीच. आपल्याकडचेही लोक अभ्यास दौऱ्याला गेले होते ना? फोटो बघितले आम्ही.

पाणी. कोकणात पाऊस कोसळतो आणि मे महिन्यात विहिरीचा तळ दिसतो हे कोणाला नवीन नाही. पण एका बाजूला आम्हाला दिवसाआड पाणी आणि दुसऱ्या बाजूला नवीन नवीन लॉजना परवानग्या, त्यांना पाणी कुठून येणार, त्यांचा मैला कुठे जाणार, हे विचारलं जातं का? जातं असेल तर मग बाजारामागच्या वहाळाला मे महिन्यात वाहतं पाणी कुठलं असतं, ते कधीतरी वास घेऊन बघा. तो वहाळ किनाऱ्यावर मुलं जिथे खेळतात त्याच्या शेजारीच उतरतो. मैला उपसायची गाडी तालुक्याला एक, मे महिन्यात तिची वाट बघत बसायचं. पर्यटन पाण्यावर चालतं हो. पाहुणा दिवसातून दोनदा अंघोळ करतो, एकदा समुद्रातून आल्यावर.

पार्किंग. ठेका दिला, ठीक. पण गाड्या लावतात कुठे, तर आमच्या कोळी-गाबीत बायका जिथे मासळी वाळत घालतात त्या जागेवर. पिढ्यान् पिढ्या वाळवणाची जागा आहे ती, कागदावर नसेल पण सगळ्यांना ठाऊक आहे. डिसेंबरात बांगडा-बोंबील पसरलेले आणि त्याला लागून एसयूव्ही रिव्हर्स घेतेय, ड्रायव्हर काच खाली करून म्हणतो वास येतो. यावरून भांडणं झालीयेत, एकदा हमरीतुमरीवर आलं. उद्या मोठं काही झालं तर पेपरात "स्थानिकांची पर्यटकांना मारहाण" म्हणून येणार आणि बुकिंग आमची कॅन्सल होणार. शाळेचं मैदान सुट्टीच्या दिवशी रिकामं असतं, बाजारामागे नगरपरिषदेची स्वतःची जागा पडून आहे, तिथे गाड्या थांबवा, तिथून रिक्षाने सोडा, आमच्या रिक्षावाल्यांनाही दोन पैसे मिळतील. आणि पावती नंबर छापलेली द्या. सध्याच्या पावतीवर ना नंबर ना तारीख, ठेकेदाराने किती फाडल्या ते तुम्हाला तरी कसं कळतं?

आता जे सांगते त्यावर कृपा करून "तो विषय आमच्याकडे येत नाही" हे उत्तर देऊ नका. जीवरक्षक. २०१६ च्या फेब्रुवारीत मुरूडला पुण्याच्या कॉलेजची १४ मुलं बुडाली. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये मालवणजवळ वायरीला बेळगावची ८. पट्टीचे पोहणारे आपल्याकडे घरोघर आहेत, पण त्यांना तिथे उभं राहायचा पगार कोण देणार यावर सगळं अडतं. गोव्यात २००८ पासून सरकारने किनाऱ्यांवर जीवरक्षक नेमलेत, तिथे लाल झेंडा दिसला की शिट्टी वाजते. आपल्याकडे एक बोर्ड आहे, "समुद्रात उतरणे धोकादायक", त्याचा पाय गंजून तो आडवा झालाय आणि लोक त्यावर चपला ठेवून पाण्यात जातात. समुद्र मेरीटाईम बोर्डाचा, वाळू महसूलची, सुरूचं बन वनखात्याचं, रस्ता बांधकामवाल्यांचा, मान्य. पण नाका तुमचा आहे, पैसे तुम्ही घेणार आहात. ज्याच्याकडून घेता त्याचा जीव वाचवायला गावातली चार पोरं सुट्टीच्या दिवसांत मानधनावर उभी करा, शिट्टी, दोर, ट्यूब द्या, आणि बाकीच्या खात्यांशी पत्रव्यवहार नंतर सावकाश करा. होडीवाल्यांना २६ मेपासून ऑगस्टअखेर बंदी असते आणि जून-जुलै मासेमारी बंद, तेव्हा तर ही पोरं रिकामीच असतात, आणि पावसाळ्यातच लोक खवळलेल्या समुद्रात सेल्फी काढायला उतरतात.

महोत्सवाबद्दल. मला गाण्या-बजावण्याचं वावडं नाही. पण डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात गावात खोली मिळत नाही, हे तुम्हालाही माहीत आहे कारण तुमच्या ओळखीच्यांसाठी तुमचेच फोन येतात आम्हाला. जे आठवडे आधीच भरलेले आहेत ते आणखी भरायला मंडप, ऑर्केस्ट्रा, बाहेरचा केटरर, बाहेरचा साऊंडवाला. पैसा गावातून येतो आणि टेम्पोत भरून गावाबाहेर जातो. रिकामे असतात ते जुलै, ऑगस्ट, आणि गणपती झाले की दिवाळीपर्यंतचे दिवस. पाहुण्यांना भातलावणीला चिखलात उतरायचं असतं, आम्हाला विचारतात. नारळी पौर्णिमेला बंदरावर जे होतं ते बघायला शहरातली माणसं पैसे खर्चून येतील. शिमग्याला पालखी नाचते तेव्हा चाकरमानी सोडून बाहेरचं कोणी नसतं, कारण कोणाला तारखाच माहीत नसतात. यातलं काही उभारायला तुम्हाला लाखो रुपये नकोत. एक वर्षाचं कॅलेंडर छापा, एसटी स्टँडवर लावा, मोबाईलवर टाका, झालं. (आणि देवाचं जे आहे ते देवाचंच राहू द्या, पालखीपुढे स्टेज घालू नका म्हणजे मिळवली.)

अजून एक. राज्य सरकारने २०२३ मध्ये महिलांसाठी "आई" म्हणून पर्यटन धोरण आणलं, पर्यटनात धंदा करणाऱ्या बाईला १५ लाखांपर्यंतच्या कर्जावरचं व्याज सरकार परत देतं, अटी आहेत पण देतं. हे मला आमच्या एका पाहुणीने सांगितलं, ती बँकेत होती म्हणून. तुमच्या ऑफिसात येऊन विचारलं तर "असं काही आलेलं नाही". तोवर तुमच्याकडून मला जे आलं ते घरपट्टी व्यावसायिक दराने का लावू नये याची नोटीस. लावा, धंदा करते तर भरीन. पण एक कागद आमच्यापर्यंत लगेच पोचतो आणि दुसरा पोचतच नाही, याला काय म्हणायचं?

तुमच्या अडचणी मला दिसत नाहीत असं नाही. कितीतरी नगरपरिषदांसारखा आपल्याकडेही बराच काळ प्रशासक होता, माणसं कमी आहेत, सफाई कामगारांच्या जागा भरलेल्या नाहीत, मुंबई-गोवा हायवे २०११ पासून चालू आहे तो काही तुम्ही अडवलेला नाही. सिंधुदुर्ग १९९७ साली देशातला पहिला पर्यटन जिल्हा जाहीर झाला तेव्हापासून सगळ्या किनारपट्टीला वाटतंय की आता वरून काहीतरी येईल. पण मी वर जे मागितलंय त्यातलं बहुतेक वरून यायची गरजच नाही. २०२५ मध्ये राज्यातल्या पाच किनाऱ्यांना ब्लू फ्लॅग, म्हणजे स्वच्छ आणि सुरक्षित किनाऱ्याचं आंतरराष्ट्रीय मानांकन, मिळालं, गुहागर आणि श्रीवर्धन त्यात आहेत. त्याचे ३३ निकष आहेत, त्यात पाण्याची शुद्धता, संडास, जीवरक्षक, कचराकुंड्या, अपंगांना वाळूपर्यंत जाता येणं हे सगळं येतं. आपल्या प्रकाशाच्या अक्षरातल्या "आय लव्ह" बोर्डाला तिथे मार्क नाहीत.

तर मागण्या, साध्या भाषेत.

पर्यटक कराचा पैसा वेगळ्या बँक खात्यात ठेवा, नगरपरिषदेच्या सर्वसाधारण निधीत मिसळू नका. दर महिन्याला किती आले आणि कशावर गेले ते नाक्यावरच फळ्यावर लिहा, जिथे पावती फाडतात तिथेच, म्हणजे आम्हाला अंगणात उत्तरं द्यावी लागणार नाहीत.

शौचालय चालू झाल्याशिवाय वसुली चालू करू नका. पाणी, वीज, आणि दोन पाळ्यांत झाडूवाली बाई, तिला किमान वेतन. बाई म्हणतेय कारण पुरुष ठेवला तर बायका आत जात नाहीत. बचत गटाला चालवायला द्या, आमची तयारी आहे, लेखी द्यायची पण तयारी आहे.

शनिवार रविवारी दुपारी बाराला लॉजसाठी आणि संध्याकाळी किनाऱ्यावर घंटागाडी. खाडीकडेला कचरा पेटवणं बंद.

वाळवणाची जागा आखून द्या, तिथे पार्किंग नाही असा बोर्ड लावा, मासेमारी सोसायटीला विचारून लावा.

दिवाळीच्या आधी जीवरक्षक. ही मागणी पुढील सभेत ढकलू नका.

नवीन लॉजला परवानगी देताना पाण्याचा स्रोत आणि सेप्टिक टँकची जागेवर जाऊन तपासणी, आणि तो रिपोर्ट मागितला तर बघायला मिळावा. माझ्याही टँकची करा.

महोत्सवाचं बजेट यंदा निम्मं करा आणि उरलेल्यातून वरचं जे जमेल ते करा. रद्दच करा असं मी म्हणत नाही, कारण त्यात आमच्या वाडीतली पोरं नाचणार आहेत आणि त्यांनी प्रॅक्टिस चालू केलीये.

पर्यटनाशी संबंधित जे शासन निर्णय येतात ते ऑफिसाबाहेरच्या बोर्डावर लावा आणि त्याची माहिती देणारा एक माणूस, एक टेबल ठरवा. मंगळवारी बसला तरी चालेल.

या पत्राखाली गावातल्या होमस्टेवाल्यांच्या, रिक्षा स्टँडच्या आणि दोन बचत गटांच्या सह्या घेतल्यात, ती प्रत आवक विभागात दिलीये, शिक्का घेतलाय. पुढच्या सभेला बसू द्यावं असा अर्जही सोबत जोडलाय. आम्ही सात-आठ जणी येणार आहोत, खुर्च्या नसल्या तर उभ्या राहू. सभा दुपारी ठेवली तर बरं, सकाळी नाश्त्याची गडबड असते.

आपली,
बाजारपेठेच्या वरच्या आळीतली एक खाणावळवाली
(घरपट्टी, पाणीपट्टी चालू वर्षापर्यंत भरलेली आहे)